प्री-आऊट आहे म्हणाला, निघाला फक्त सबवूफरचा!

दादा, तुमचा मेसेज वाचला. म्हणजे पुढचे दोन स्पीकर जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरवरच ठेवायचे आणि बाकीचे नव्या होम थिएटर रिसीव्हरवर, त्यासाठी रिसीव्हरला पुढच्या स्पीकरांचा प्री-आऊट (बाहेरच्या ॲम्प्लिफायरला आवाजाचा सिग्नल देणारं मागचं सॉकेट) आहे का, हे तुम्ही नवी पेठेतल्या दुकानदाराला व्हॉट्सॲपवर स्पष्ट विचारलं, तो "होय, प्री-आऊट आहे, बिनधास्त घ्या" म्हणाला, ६२ हजार मोजून घरी आणून बघताय तर मागं एकच प्री-आऊट, तोही सबवूफरचा (नुसता बास वाजवणाऱ्या स्पीकरचा), आणि आता तो बिलावरची "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही ओळ दाखवतोय.

तक्रारीत "माल खराब निघाला" असं कुठंही लिहू नका. मशीन चांगलंच आहे ओ, कंपनीचा माणूस येऊन ओके रिपोर्ट देईल आणि केस तिथंच बसेल. तुमचं म्हणणं एवढंच, की मी काम सांगितलं आणि त्यानं चुकीची माहिती देऊन विकलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ही अनुचित व्यापारी प्रथा, आणि १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १६ सांगतं की कशासाठी पाहिजे ते सांगून दुकानदाराच्या भरवशावर घेतलं तर माल त्या कामाला चालला पाहिजे. बिलावरच्या त्या ओळीनं हे हक्क जात नाहीत.

आता खोच. मॉडेल त्यानं सुचवलं की तुम्हीच नाव घेऊन गेलात? तुम्हीच नाव घेतलं असेल तर कलम १६ ढिलं पडतं, मग सगळा भार त्या "होय" वर. म्हणून चॅट उडवू नका, फोनही बदलू नका, नुसत्या स्क्रीनशॉटच्या प्रिंटवर भागत नाही, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं. मागच्या पॅनलचा फोटोही काढून ठेवा.

आणि कुणी सांगितलं म्हणून रिसीव्हरच्या स्पीकर टर्मिनलची वायर थेट ॲम्प्लिफायरच्या इनपुटला जोडू नका. काही जळालं तर दुकानदार तेच धरून बसेल.

आधी स्पीड पोस्टानं (रजिस्ट्रेशन करून) नोटीस, १५ दिवसांची मुदत. वरचं मॉडेल फुकट मागू नका, एकतर पैसे परत नाहीतर फ्रंट लेफ्ट-राईट प्री-आऊटवालं मॉडेल, वरचा फरक तुम्ही भरणार. (तुमच्या ॲम्प्लिफायरला "मेन इन" किंवा बायपास (त्याचा स्वतःचा व्हॉल्यूम वगळून सिग्नल घेणारं इनपुट) आहे का तेही बघून घ्या, नसेल तर दोन व्हॉल्यूमचा घोळ होतो.) नाही ऐकलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार, मग सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात. ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रारीला मुदत २ वर्षं. पण तोपर्यंत रिसीव्हर रोज वापरत बसू नका, बॉक्समध्ये घालून ठेवा.