भावाला कमी भाड्याने दिलेले घर : कर कोणत्या रकमेवर?

प्रश्न : नोकरीमुळे मी नाशिकला भाड्याने राहतो. कोथरूडला माझा एकच फ्लॅट आहे, कर्ज फिटले आहे. तिथे धाकटा भाऊ कुटुंबासह राहतो. त्या इमारतीत भाडे 22,000 चालते, मी त्याच्याकडून 6,000 घेतो. माझे उत्पन्न 30 टक्क्यांच्या टप्प्यात आहे. विवरणपत्रात वर्षाचे 72,000 दाखवले की पुरते ना?

उत्तर : पुरत नाही. घरभाड्यावरचा कर फक्त हाती आलेल्या रकमेवर ठरत नाही. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम 23 सांगते, की ते घर वाजवीपणे किती भाड्याने जाऊ शकेल ती रक्कम आणि प्रत्यक्ष मिळालेले भाडे यांतली मोठी रक्कम धरायची. भाडेकरू सख्खा भाऊ आहे म्हणून सूट नाही. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, नियम तोच आहे.

तुमचा हिशेब असा : वाजवी भाडे 2,64,000. तुम्ही त्या वर्षात भरलेला मालमत्ता कर 14,000 धरू, तो वजा जाऊन 2,50,000. त्यातून 30 टक्के प्रमाणित वजावट, म्हणजे 75,000. करपात्र राहिले 1,75,000. उपकरासह 31.2 टक्क्यांनी कर 54,600. म्हणजे भावाने दिलेल्या 72,000 पैकी तुमच्याकडे उरतात 17,400, महिन्याला जेमतेम 1,450. नात्यातले नाममात्र भाडे असे अंगाशी येते.

आमच्या मते तुमच्या बाबतीत भाडे न घेणेच बरे. मालकाला स्वतःच्या राहण्याची म्हणून दोन घरे शून्य मूल्याची (म्हणजे त्यांवर भाड्याचे उत्पन्न न धरता) दाखवता येतात, आणि 2024-25 या आर्थिक वर्षापासून कोणत्याही कारणाने मालक तिथे राहू शकत नसला तरी ही सवलत मिळते. तुमचे नोकरीचे कारण तर खरेच आहे. मात्र वर्षात एक महिना जरी घर भाड्याने दिले, तरी त्या वर्षाची सवलत जाते. म्हणून भाडे बंद करायचे तर मार्चअखेर थांबवून 1 एप्रिलपासून. भाड्याऐवजी भाऊ तुमचा मालमत्ता कर भरू लागला, तर तो मालकाला मिळालेला ‘इतर लाभ’ ठरू शकतो, आणि तिथेही सवलत हुकते. तो कर तुम्हीच, तुमच्या खात्यातून भरा.

ज्यांचे कर्ज चालू आहे त्यांनी हा सल्ला तसाच उचलू नये. नव्या करप्रणालीत स्वतःच्या राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, भाड्याच्या घराची मिळते. वरच्याच उदाहरणात वर्षाचे व्याज 1,80,000 असते, तर 1,75,000 चे करपात्र उत्पन्न पूर्ण पुसले गेले असते. उरलेला 5,000 चा तोटा मात्र नव्या प्रणालीत पगारातून वळता करता येत नाही.

बाजारभावच मुळात कमी असेल (लिफ्ट नाही, चौथा मजला, पाण्याची ओढ), तर पुरावा जमवा. त्याच इमारतीतल्या दोन-तीन नोंदणीकृत करारांच्या प्रती सर्वांत उपयोगी. महापालिका मालमत्ता करासाठी ठरवते ते करयोग्य मूल्य दाखवले की विषय मिटला, असे नाही. टिपटॉप टायपोग्राफी प्रकरणात (2014) मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले, की भाडे दाबून दाखवल्याचे ठोस पुरावे असतील तर अधिकारी त्या मूल्यापलीकडे जाऊ शकतो.

प्रश्न : पुण्यातला फ्लॅट मावसभावाला पूर्ण बाजारभावाने देतो आहे. घरातल्या घरात करार कशाला?

उत्तर : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे कलम 55 नाते बघत नाही. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खर्च फार नाही : 11 महिन्यांच्या एकूण भाड्यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे महिना 22,000 असेल तर 605 रुपये. शहरात नोंदणी शुल्क 1,000. अनामत घेतली असेल, तर तिच्यावर दरसाल 10 टक्क्यांनी व्याज धरून ती रक्कम भाड्यात मिळवतात.