समुद्री पवनऊर्जेत सरकार आणि खासगी कंपन्या मिळून संशोधन करतात, त्यातून प्रत्यक्ष हाती काय लागतं?

समुद्रातल्या पवनचक्कीच्या पायाचं गणित बदललं, हे त्याचं सगळ्यात ठोस उदाहरण. ब्रिटनमध्ये कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या 'ऑफशोअर विंड अ‍ॅक्सिलरेटर' या सरकार-कंपन्यांच्या संयुक्त संशोधन कार्यक्रमातून २०१३ला 'पिसा' प्रकल्प सुरू झाला. पुढाकार डेन्मार्कच्या डाँग एनर्जी कंपनीचा (आताची ऑर्स्टेड), अभ्यास ऑक्सफर्ड, इम्पीरियल कॉलेज आणि युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनचा.

मोनोपाइल म्हणजे पवनचक्कीचा पाया म्हणून समुद्रतळात ठोकलेली जाड पोलादी नळी. तिचं जुनं सूत्र तेलाच्या फलाटांच्या लांब, बारीक पाइलवरून (जमिनीत ठोकलेल्या खांबावरून) उचललेलं. तो पाइल वाकतो. ५-६ मीटर व्यासाचा आखूड मोनोपाइल मात्र जवळपास अख्खाच कलतो. अशा वेळी बुडाशी होणारा विरोध आणि बाजूंवरचं घर्षणही त्याला धरून ठेवतं. सूत्रात ते धरलेलंच नव्हतं, म्हणून पोलाद उगाच जास्त जायचं.

इंग्लंडमधल्या काउडेनची चिकणमाती आणि फ्रान्समधल्या डंकर्कची वाळू, दोन्हीकडे मिळून २८ पाइल जमिनीवरच ठोकून आडवे ओढून पाहिले. सर्वांत मोठे २ मीटर व्यासाचे. एरवी एकमेकांविरुद्ध निविदा भरणाऱ्या कंपन्यांनी यात पैसा घातला, हे मला फार मोलाचं वाटतं.

या चाचण्यांतून माती पाइलला किती विरोध करते याचे आलेख मिळाले, पण ते आयते उचलू नका. माती वेगळी असेल तर आधी आपल्या जागेची चाचणी घेऊन ते नव्याने जुळवावे लागतात.