‘रूपांतर’ नव्हे, ‘कायापालट’

फ्रान्झ काफ्का यांच्या १९१५ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकथेत ग्रेगोर साम्सा हा फिरता विक्रेता एका सकाळी किड्याच्या देहात जागा होतो. त्या कथेविषयी लिहिताना या बदलाला ‘रूपांतर’ म्हणावे की ‘कायापालट’, आणि त्यात ग्रेगोरचे जे हरवते त्याला ‘अस्मिता’ म्हणता येईल का, असे एका वाचकाने विचारले आहे. त्यांचा स्वतःचा कल ‘रूपांतर’कडे आहे, कारण ‘कायापालट’ हा शब्द त्यांना जाहिरातीतला वाटतो.

त्यांना तसे वाटावे यात नवल नाही. बसस्थानकाला रंग दिला की स्थानकाचा कायापालट, तळ्याभोवती फरशी बसवली की तळ्याचा कायापालट, ही भाषा रोज कानांवर आदळत असताना या शब्दात काया आहे हे कोणाच्या ध्यानात राहणार? स्थानकाची डागडुजी होते, नूतनीकरण होते. कायापालट ज्याला देह आहे त्याचाच होतो, आणि तो भल्यासाठीच व्हावा अशी अट या शब्दात कोठेही नाही.

‘रूपांतर’ हा शब्द आपल्या वाङ्मयव्यवहारात आधीच गुंतलेला आहे. कादंबरीचे नाट्यरूपांतर होते, परभाषेतील नाटकाचे मराठी रूपांतर होते; त्यामुळे ‘काफ्कांच्या कथेचे रूपांतर’ असे लिहिताच वाचक रंगभूमीचा विचार करू लागतो. त्याहून मोठी अडचण अशी की ‘रूपांतर’ हा इंग्रजी अनुवादाच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या शीर्षकाचा प्रतिशब्द आहे, मूळ शीर्षकाचा नव्हे. त्या ग्रीक शब्दातील ‘मॉर्फे’ म्हणजे रूप. जर्मनमध्येही ‘मेटामॉर्फोझे’ हा शब्द होताच, आणि जर्मन कवी गटे यांनी १७९० साली वनस्पतींविषयीच्या ग्रंथाच्या नावात तो वापरला होता. काफ्कांनी तो घेतला नाही. त्यांनी ‘फेरवांडलुंग’ हा अस्सल जर्मन शब्द घेतला, ज्याच्या मुळाशी रूप नसून वळणे, फिरणे, उलटणे ही क्रिया आहे.

‘पालट’चेही मूळ तेच सांगते. संस्कृतात ‘अस्’ म्हणजे फेकणे, आणि ‘परि’ लागून झालेला ‘पर्यस्त’ म्हणजे उलथून पडलेला. हेमचंद्रांनी बाराव्या शतकातील आपल्या प्राकृत व्याकरणात ‘पर्यस्त’ची दोन रूपे दिली आहेत: ‘पल्लत्थ’ आणि ‘पल्लट्ट’. ‘हत्थ’चा ‘हात’ आणि ‘सत्त’चे ‘सात’ ज्या नियमाने झाले, त्याच नियमाने जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ झाला, आणि पहिल्या रूपातून आपला ‘पालथा’ व दुसऱ्यातून आपला ‘पालट’ जन्माला आला. पालथा घडा आणि पिकांची फेरपालट यांतील शब्द सख्खी भावंडे आहेत. ज्याचा पालट होतो ते मुळात उलथून पडलेले असते. ‘बदल’ या शब्दात हा धक्का नाही, आणि ‘परिवर्तन’ या शब्दातील असलेला धक्का भाषणांनी घालवला आहे.

आता त्या कथेची पहिली काही वाक्ये पाहावीत. ग्रेगोर चिलखतासारख्या टणक पाठीवर पडलेला आहे. डोके थोडे उचलताच त्याला आपले तपकिरी, फुगीर पोट दिसते आणि त्यावर असंख्य बारीक पाय असहायपणे वळवळताना दिसतात. त्याला नेहमीप्रमाणे उजव्या कुशीवर वळायचे असते, आणि शंभरदा प्रयत्न करूनही तो पुन्हा पाठीवरच येतो. माणूस पाठीवर असला की आपण त्याला उताणा म्हणतो आणि तो निवांत झोपला आहे असे मानतो. किडा त्याच स्थितीत असला की तो उलथलेला असतो. अंथरूण तेच आहे, पाठीवर निजणेही तेच आहे, परंतु देह निराळा झाल्याने ती निजण्याची रीत राहिलेली नाही, संकट झाली आहे. ‘पर्यस्त’ हा अर्थ आपल्या ‘पालट’मध्ये शिल्लक असताना या प्रसंगाला ‘रूपांतर’ म्हणणे मला केवळ आळस वाटतो. ‘कायापालट’ हिंदीतून आला म्हणून तो टाळावा असे सांगणाऱ्या शुद्धिवाद्यांनी हिंदीतील ‘पलट’ आणि आपला ‘पालट’ यांतील पहिल्या स्वराकडे लक्ष द्यावे. आपला दीर्घ ‘आ’ उसना आणलेला नाही.

ग्रेगोर नेमका कोणता किडा होतो, हा वाद मात्र मला निरर्थक वाटतो. बोलण्यात आपण त्याला सर्रास झुरळ करून टाकतो. कादंबरीकार नाबोकोव यांनी झुरळ नाकारले ते योग्यच केले, परंतु फुलपाखरांच्या त्या जाणकाराने पुढे तो पंख दडवलेला भुंगेरा आहे असा निकाल दिला आणि त्याचे चित्रही काढले, तेथे त्यांची चूक झाली. काफ्कांचा शब्द ‘उनगेत्सीफर’ हा आहे. त्याच्या जुन्या जर्मन मुळाचा अर्थ बळी देण्यास अयोग्य असा प्राणी, म्हणजे संस्कृतात ज्याला नेमके ‘अमेध्य’ म्हणतात ते. हा शब्द किड्याची जात सांगत नाही, विटाळ सांगतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर किडा काढू नये, तो दुरूनही दाखवू नये, असे काफ्कांनी प्रकाशकांना १९१५ च्या ऑक्टोबरमध्ये स्वतः लिहून कळवले होते.

‘अस्मिता’विषयीच्या प्रश्नाचे उत्तर कथेतील एका सर्वनामात आहे. शेवटच्या भागात ग्रेगोरची बहीण ग्रेटे म्हणते की या प्राण्यासमोर मी भावाचे नाव उच्चारणार नाही, आणि तेथे ती त्याच्यासाठी जर्मनमधील नपुंसकलिंगी ‘एस’ वापरते. मराठीला नपुंसकलिंग आहे, त्यामुळे ‘तो’चे ‘ते’ होणे आपल्याला जसेच्या तसे आणता येते. हिंदी अनुवादकाला ही सोय नाही. ‘त्याला घालवले पाहिजे’ असे लिहिणाऱ्या मराठी अनुवादकाने हाती आलेली संधी दवडली, कारण ‘त्याला’ या रूपात पुल्लिंग आणि नपुंसकलिंग एकच दिसतात. तेथे ‘ते गेले पाहिजे’ असेच हवे.

बहिणीने काढून घेतली ती ग्रेगोरची ओळख होय. ‘अस्मिता’ हा शब्द ‘अस्मि’, म्हणजे ‘मी आहे’, यावरून झाला आहे. पतंजलींनी योगसूत्रांत तिची गणना पाच क्लेशांत केली, आणि आज आपण तो शब्द प्रांताच्या व भाषेच्या अभिमानासाठी राखून ठेवला आहे. ग्रेगोरचे ‘मी आहे’ कोठेही जात नाही. देह उलथल्यावरही तो चुकलेल्या पाच वाजताच्या गाडीची आणि आईवडिलांच्या कर्जाची काळजी करतो, आणि शेवटच्या रात्रीही घरच्यांची आठवण प्रेमाने काढतो. तेव्हा प्रश्नकर्त्यांनी ‘ओळख हरवली’ असे लिहावे. ‘अस्मिता हरवली’ असे लिहिल्यास ते कथेशी जुळणार नाही.