नेरळला उतरलेलं गिऱ्हाईक गावात थांबवायचं कसं?

तुम्ही म्हणता, माथेरानची सगळी गर्दी नेरळला उतरते आणि गावात चहाही न पिता टॅक्सीने दस्तुरी नाका, म्हणजे माथेरानच्या वेशीवर गाड्या थांबतात ती जागा, गाठते. तर स्टेशनबाहेर कमान आणि सेल्फी पॉइंट करावा का? माझं ऐकाल तर नका करू. लोकलमधून उतरलेला माणूस टॅक्सीवाल्याशी भाव करण्यात गुंतलेला असतो. कमानीकडे बघतो कोण?

बारा वर्षं घरगुती खानावळ चालवतोय. आपलं खरं गिऱ्हाईक कोण, हे मला फार उशिरा कळलं. ज्याला माथेरानला जाणाऱ्या मिनी ट्रेनचं तिकीट मिळालं नाही, तो! गाड्या थोड्या, डबे चिमुकले, त्यामुळे रांगेतून हिरमुसून परतलेलं एखादं कुटुंब हमखास सापडतं. बॅगा जड, पोरं रडकुंडीला आलेली. मी पाटीवरचं 'गरमागरम जेवण' पुसलं आणि लिहिलं, 'बॅगा ठेवा. स्वच्छ संडास आहे.' त्यानंतर जेवण आपोआप खपायला लागलं.

पोरांना गाडीत बसायला मिळालं नाही, तरी गाडी दाखवता येते. रूळ घाटरस्त्याला आडवे जातात. वेळ साधून रिक्षाने तिथे न्यायचं. दोन फुटी रूळ, कुठे कुठे वीस फुटांना एक फूट चढ, आणि इंजिनाची शिट्टी; पूर्वी उतरताना त्या शिट्टीसरशी डब्यांवरचे ब्रेकवाले हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचे. हे एकदा बघितलेलं पोर ती शिट्टी घरी जाईपर्यंत वाजवत बसतं. मोठ्यांना मुंबईचे उद्योगपती आदमजी पीरभॉय यांची गोष्ट सांगायची. पदरचे १६ लाख घालून १९०७ साली ही लाइन सुरू केली त्यांच्या घराण्याने.

मात्र सगळा धंदा गाडीवर टांगू नका. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) गाडी बंदच असते. २०१९च्या पावसात रूळ वाहून गेले, ते पूर्ण मार्गावर गाडी थेट २०२२च्या ऑक्टोबरात धावली. त्या काळात मला भातशेती बघायला येणाऱ्यांनी तारलं.

आणि टॅक्सीवाल्यांशी वैर धरू नका, मी सुरुवातीला धरलं होतं. शेअर टॅक्सीच्या सीटा भरेपर्यंत आधी आलेली माणसं उन्हात ताटकळतात. आता ड्रायव्हरच त्यांना माझ्याकडे धाडतो, 'चहा घ्या तोवर, भरली की हाक मारतो.' त्याच्या चहाचे पैसे मी घेत नाही.