कांद्याचा 'वाण' की कांद्याची 'प्रजाती'?

निफाडच्या एका वाचकाची विचारणा: "'कांद्याची नवी प्रजाती विकसित' असं बातमीत वाचलं. आमच्याकडे सगळे 'वाण' म्हणतात. बरोबर काय? आणि हा वाण संक्रांतीच्या वाणाचा कोण लागतो?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, छोटं आहे. कोणीच लागत नाही. बायका लुटतात ते वाण, संस्कृत 'वायन'वरून आलेलं. 'घरात कशाची वाण नाही' म्हणतो ती वाण, म्हणजे उणीव. बियाण्याचा मात्र तो वाण. ते, ती, तो. लिंग बदललं की माल बदलतो.

बियाण्याचा वाण 'वर्ण'चा वंशज. मूळ अर्थ रंग. म्हण आठवा: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. पांढऱ्या बैलाशेजारी बांधून पवळ्याचा रंग पालटत नाही, खोड्या मात्र तो उचलतो. अंगचं काय आणि संगतीचं काय, याची इतकी नेमकी वाटणी मला दुसऱ्या कुठल्या म्हणीत सापडली नाही. रंगावरून पारख करता करता 'वाण'चा अर्थ 'प्रकार' झाला.

आता 'प्रजाती'. शाळेच्या विज्ञानातली उतरंड कुळ, प्रजाती, जाती अशी आहे. कांदा आणि लसूण एकाच प्रजातीतले, पण जाती वेगळ्या. म्हणजे नवी प्रजाती निघाली तर ते कांद्याचं बियाणं नव्हे, भलतंच काही असेल! बातमीदाराला वाणच म्हणायचं असतं. 'प्रजाती' जरा भारदस्त वाटतो, एवढंच. गुरांना मात्र आपण 'जात' म्हणतो. इगतपुरीच्या पावसात टिकणारी डांगी ही जात. तिला डांगी वाण कोणी म्हणत नाही. गुरांच्या बाबतीत आईबाप कोण हे विचारलं जातं, आणि 'जात'च्या पोटात जन्मच आहे.

निफाडच्या गहू संशोधन केंद्राच्या वाणांची नावं तर आपल्या घरचीच: त्र्यंबक, तपोवन, गोदावरी. 'तपोवन प्रजातीचा गहू' म्हणून पाहा, जिभेलाच पटत नाही.

वाण टिकवायचा कसा, हे मात्र कांदा उत्पादकाकडूनच ऐकावं. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात, ठेवायचा. पावसाळाभर सडून, कोंब फुटून जे जायचे ते जातात. उरलेल्यांतून एकरंगी, बारीक मानेचे, जोड नसलेले निवडायचे आणि दिवाळीच्या आसपास बियांसाठी पुन्हा जमिनीत लावायचे, हेच डोंगळे. त्यांचं उळं, म्हणजे बी, पुढच्या साली टाकायचं. डोळा रंग, मान, आकार बघतो, म्हणजे वाण. टिकाऊपणाचा गुण चाळीनं आधीच निवडून ठेवलेला असतो. पिढ्यान् पिढ्या हेच केलं की तो 'घरचा वाण'. पण शेजारच्या वावरात पांढऱ्या कांद्याचे डोंगळे असतील तर मधमाश्या दोन्हीकडे हिंडतात आणि उळ्यात भेसळ होते. इथे म्हण उलटी होते: ढवळ्याशेजारी लावला तांबडा, तर वाणच लागतो.

'संकरित'चं वेगळंच. अर्जुनाला गीतेच्या पहिल्याच अध्यायात वर्णसंकराची धास्ती. १९६४ साली सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी आली आणि तोच 'संकर' शेतीखात्याच्या भिंतींवर कौतुकानं रंगला. बोलण्यात मात्र 'हायब्रीड' म्हणजे अजूनही दिसायला टपोरं आणि चवीला पाणी. शिवाय संकरिताचं घरचं बी धरलं तर पुढचं पीक फुटतं, एकसारखं येत नाही. म्हणून बियाण्याच्या दुकानात 'सरळ वाण' आणि 'संकरित वाण' असं वेगळं मागतात.

द्राक्षाला आपल्याकडे सर्रास 'व्हरायटी' म्हणतात, आणि मला ते खटकत नाही. तास-ए-गणेश काय, सोनाका काय, दोन्ही थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षाच्या वेलीतूनच निवडलेल्या. तिथे ना बी, ना आईबाप. वेगळी दिसलेली काडी कुणाच्या तरी नजरेत भरली आणि तिचं कलम झालं. तरी मराठी शब्द हवाच असेल तर वाणच म्हणा. नजरेत भरला तो रंगरूपाचा फरकच ना.