वाचकांचे प्रश्न : मंदीतलं छोटं वकिली ऑफिस

या वेळच्या पत्रांत वकिलांचीच पत्रं जास्त आहेत. बहुतेकांचं रडगाणं एकच : काम आहे, पैसा येत नाही. त्यातली चार पत्रं घेतली आहेत.

आम्ही दोघे भागीदार, ऑफिस सांगलीत. एमआयडीसीतल्या आठ कारखान्यांचं काम रिटेनरवर, म्हणजे ठरावीक नियमित फीवर होतं. तिघांनी रिटेनर बंद केला, दोघांची बिलं सहा महिने थकली. तारखांना मात्र उभं राहावंच लागतं. फी मिळेपर्यंत फाइल्स अडवून ठेवता येतील का?

नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच हा विषय संपवला आहे. थकलेल्या फीसाठी पक्षकाराचे कागद अडवण्याचा हक्क वकिलाला नाही आणि अडवले तर ते गैरवर्तन ठरतं. कागद मागितले की यादी करा, पोच घ्या आणि देऊन टाका. वकीलपत्र सोडायचं असेल तर आधी लेखी कळवा, दुसरा वकील शोधायला पुरेसा वेळ द्या, कोर्टाची परवानगी घ्या आणि न केलेल्या कामाची आगाऊ फी परत करा. साक्षीदार दारात उभा असताना सकाळी पुरशीस (कोर्टाला लेखी निवेदन) देऊन मोकळं होणं चालणार नाही.

आता वसुली. पक्षकाराला फोन करण्याआधी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर स्वतःचं टीडीएसचं विवरण उघडा. तुमच्या फीवर १० टक्के कापून भरलेले दिसले, तर कंपनीने तुमचं बिल हिशेबात धरलं आहे. फक्त पैसे द्यायचे राहिलेत. मग "बिल मिळालंच नाही", "एवढी फी ठरलीच नव्हती" ही उत्तरं टिकत नाहीत. बोलणी इथून सुरू करा. एकरकमी मिळणं कठीण असेल तर तीन-चार हप्ते ठरवा आणि पुढच्या तारखांचे चेक घ्या. दावा करायचा तर मुदत तीन वर्षांची आहे, फी लेखी ठरलेली असेल तर समरी (झटपट चालणारा) दावाही करता येतो. पण पक्षकारावर दावा लावणारं ऑफिस गावात लगेच ओळखीचं होतं. तो शेवटचा उपाय.

खरी चूक आधीच झालेली असते. फी तोंडी ठरते आणि मोठा हिस्सा "निकालानंतर बघू" म्हणून मागे राहतो. हरलेला पक्षकार देत नाही. जिंकलेला म्हणतो, दरखास्तीत (निकालाच्या अंमलबजावणीत) पैसे सुटले की देतो. यापुढे प्रत्येक कामाला एक पानाचं फीपत्र करा. त्यात काम नेमकं कुठपर्यंत ते लिहा, कारण अपील आणि दरखास्त त्यातच धरलेली आहे असं पक्षकार बिनदिक्कत समजतो. कोर्ट फी, नकला, प्रवास वेगळे दाखवा. फी टप्प्याने आणि टप्पा सुरू होण्याआधी घ्या. वसुलीच्या दाव्यात नोटिशीला १०, दावा दाखल होईपर्यंत ३०, मुद्दे निघेपर्यंत २०, पुराव्याला २५ आणि युक्तिवादाला १५ टक्के ही वाटणी बरी पडते. तारखेगणिक फी घेऊ नका. तारीख पुढे गेली की तुम्हालाच फायदा, अशी शंका पक्षकाराच्या मनात बसते आणि ती अगदीच वावगी नसते. मिळालेल्या रकमेत टक्केवारी ठरवणं तर बार कौन्सिलच्या नियमांनी सरळ मना आहे. कोर्ट फीसाठी आलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, त्यातून ऑफिसचं भाडं भरू नका. हातचा पैसा संपला की पहिली उचल तिथूनच होते, आणि पुढे तक्रार झाली की हिशेबही तिथलाच मागितला जातो.

दर महिन्याला एक आकडा काढा. उदाहरणार्थ भाडं २२,०००, कारकून १६,०००, दोन ज्युनिअर ३०,०००, वीज-इंटरनेट-छपाई-प्रवास १४,०००. भागीदारांनी एक रुपया न उचलता हे ८२,००० झाले. असे चार महिन्यांचे ३,२८,००० बाजूला असल्याशिवाय दोघांनीही उचल वाढवू नये. आणि दोन लाखांचं बिल म्हणजे हातात १,८०,०००, तेही तीन महिन्यांनी, हे धरूनच खर्च ठरवा. कापलेले २०,००० कर भरताना वजा होतात. या महिन्याच्या पगाराला त्यांचा उपयोग नाही.

नाशिकमध्ये माझं काम मुख्यतः खरेदीखतं आणि टायटल सर्चचं, म्हणजे मिळकतीची मालकी तपासण्याचं. ते निम्म्यावर आलं आहे. कोणत्या कामाकडे वळावं?

व्यवहार थंडावले की उधारी तापते. तेव्हा वसुलीचं काम घ्या, आणि त्यातही चेक न वटल्याची प्रकरणं आधी. त्यात मुदती पाळणं हीच निम्मी वकिली. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोचल्यापासून १५ दिवस वाट, आणि ते संपल्यावर एक महिन्यात तक्रार. पक्षकार आला की फाइलच्या पहिल्याच पानावर चार तारखा लिहून घ्या : चेकची, बँकेच्या मेमोची, नोटीस पाठवल्याची, पोचल्याची. पक्षकार बहुधा पंचविसाव्या दिवशी उगवतो.

प्रकरण दोन ठिकाणी हमखास फसतं. एक, नोटिशीत व्याज, खर्च, जुनी बाकी सगळं मिळून एकच रक्कम मागितली जाते. चेकची रक्कम वेगळी, स्पष्ट मागितलेली हवी. दुसरं, चेक दिल्यावर देणेकऱ्याने काही पैसे दिलेले असतात आणि तरीही पूर्ण रकमेचा चेक बँकेत टाकला जातो. दशरथभाई विरुद्ध हितेश या २०२२ च्या निकालाप्रमाणे मिळालेली रक्कम चेकवर नोंदवलेली नसेल आणि वटवताना देणं चेकच्या रकमेपेक्षा कमी असेल, तर चेक न वटण्याच्या गुन्ह्याचं कलम १३८ लागू होत नाही. म्हणून खातेउतारा बघितल्याशिवाय नोटीस काढू नका, पक्षकार कितीही घाई करो.

दुसरं काम लघुउद्योगांच्या थकबाकीचं. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. अर्ज याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे जातो. परिषदेच्या निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, त्यामुळे बरेच जण त्याआधीच तडजोडीला येतात. पक्षकाराची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) मात्र पुरवठ्याच्या आधीची आहे का ते पहिल्या भेटीतच तपासा. नंतरची असेल तर तिथेच वाद उभा राहतो.

टायटल सर्चचं तुमचं कसब बँकांच्या जप्तीच्या प्रकरणांत कर्जदाराच्या बाजूनेही उपयोगी पडतं. बँकांना तारण जप्त करू देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. तिला हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ताबा घेतल्यावर कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस असतात. मात्र त्याच बँकेसाठी तुम्ही सर्च रिपोर्ट दिलेला असेल तर हे काम घेऊ नका.

रत्नागिरीत वीस वर्षं वकिली करतो. कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच झाल्यापासून तिथे ऑफिस काढावं असं वाटतं. परवडेल का?

लगेच नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून हे बेंच कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी सुरू झालं. त्याआधी तुमची उच्च न्यायालयातली फाइल मुंबईला जायची आणि तिच्यासोबत बहुतेक फीही. आता आंबा घाट उतरण्या-चढण्याचा सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा प्रश्न आहे. पण म्हणून दर महिन्याचं भाडं अंगावर घ्यायचं कारण नाही. आधी वर्षभरात तुमच्या हातून किती अपिलं आणि रिटा वर गेल्या ते मोजा. दहा-बाराच असतील तर कोल्हापुरातल्या वकिलाशी लेखी व्यवस्था करा : मसुदा आणि युक्तिवाद तुमचा, फायलिंग, ऑफिसची ऑब्जेक्शन्स काढणं आणि बोर्डावर लक्ष ठेवणं त्यांचं. दोघांचंही नाव वकीलपत्रावर असू द्या. फीतला हिस्सा मात्र फक्त वकिलालाच देता येतो. काम आणून देणाऱ्या एजंटाला, सल्लागाराला किंवा सीएला नाही.

नवख्यांची अडचण कायद्यापेक्षा कागदांत होते. सातबारा, फेरफार, पंचनामे, मराठीतल्या साक्षी यांची इंग्रजी भाषांतरं लागतात आणि अपिलाच्या मुदतीचे शेवटचे दिवस त्यातच जातात. नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी टाका आणि नक्कल हातात येण्याची वाट न बघता आपल्याकडचे कागद भाषांतराला द्या. भाषांतराचा खर्च फीपत्रात स्वतंत्र ओळीत लिहा. नाहीतर तो तुमच्याच खिशातून जातो.

ठाण्यात तिघांची फर्म आहे. खर्च कमी करायला ज्युनिअर कमी करावा का? वेबसाइट केली तर चालेल का? आणि जीएसटीचं काय?

जीएसटी आधी : व्यावसायिक पक्षकाराला दिलेल्या सेवेचा कर रिव्हर्स चार्जने तोच भरतो, खाजगी व्यक्तीच्या आणि नोंदणीच्या मर्यादेखाली उलाढाल असलेल्या छोट्या व्यावसायिकाच्या कामाला सूट आहे. बिलात तसं वाक्य टाका. वेबसाइट चालते, नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनद क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढंच. जिंकलेल्या केसेस, पक्षकारांची प्रशस्ती, "पहिला सल्ला मोफत" हे काढून टाका.

ज्युनिअरबद्दल, सरळ सांगायचं तर, सगळे जण पहिली कात्री इथेच लावतात आणि तीच चुकीची जागा असते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं आहे. एवढ्या पैशात तो तीन कोर्टांत तारखा सांभाळतो. तो गेला की एकाच वेळी दोन कोर्टांत पुकारा होतो, एखादी तारीख चुकते, दावा गैरहजेरीत फेटाळला जातो आणि तो पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज तुम्हाला फुकट चालवावा लागतो. कपात करायचीच तर दुसऱ्या मजल्यावरचं रिकामं कॉन्फरन्स रूम सोडा.