मधली भिंत पाडण्याआधी माळवद बघा
भाऊ, जुन्या घराची मधली भिंत पाडायची म्हणता, पण माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, तुळया कशावर टेकल्यात? लाकडी खांबांवर असतील तर इंजिनिअरला दाखवून भिंत काढता येईल. भिंतीवरच असतील तर नाद सोडा, दार तेवढं रुंद करा. तेही आधी टेकू देऊन, अन् लिंटेल (दारावरची आडवी तुळई) दोन्हीकडं किमान 9 इंच भिंतीत टेकलं पाहिजे.

संडास-न्हाणी जुन्या जागीच ठेवा, खरा पैसा तिथं वाचतो. 4 इंची पाइपाला 10 फुटांत 2 इंच उतार ठेवा, नाहीतर तुंबतं. दगड-मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर नको. ओल आत कोंडते, मग पोपडे सुटतात. गवंडी कुरकुरला तरी चुन्याचंच करून घ्या. शहाबादी फरशी जपून उपसा, ओट्याला कामी येते.